यंत्राला होकार, पण कोणत्या अटींवर? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगार आणि कंटेनर, १९५७ ते १९७२

नव्या तंत्रज्ञानाला कामगार विरोध करतात तो भीतीपोटी, आणि ही भीती प्रशिक्षणाने किंवा समजुतीने घालवता येते, असे गृहीत धरून बंदरांच्या आधुनिकीकरणाची चर्चा अनेकदा सुरू होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांचे प्रकरण या गृहीतकात बसत नाही. या कामगारांनी १९६० मध्ये मतदान करून कंटेनरसह सगळ्या यंत्रांना वाट मोकळी करून दिली, आणि अकरा वर्षांनी त्यांच्याच संघटनेने या किनाऱ्यावरची सगळी बंदरे बंद पाडणारा, एकूण १३४ दिवस चाललेला संप केला. मधल्या काळात कंटेनरचे मूळ तंत्र तेच राहिले होते. बदलले होते ते वेगळेच: तो उचलणाऱ्या क्रेनवर कोण बसणार आणि हे कोण ठरवणार, या प्रश्नाचे उत्तर. कामगारांची भूमिका यंत्र पाहून ठरत नव्हती, ती यंत्रासोबत येणारी कामवाटपाची पद्धत पाहून ठरत होती, असे या अभ्यासाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

१९३४ पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर रोज सकाळी माणसे गोळा होत, फोरमन समोर येई आणि ज्याच्याकडे बोट दाखवी त्याला त्या दिवसाचे काम मिळे. ओळख, चिरीमिरी आणि निमूट राहण्याची तयारी यांवर रोजीरोटी अवलंबून असे. ९ मे १९३४ रोजी सुरू झालेल्या संपात ही पद्धत हाच वादाचा गाभा होता. ५ जुलै रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर शहरभर सार्वत्रिक संप झाला आणि ऑक्टोबरमध्ये लवादाचा निवाडा आला. सहा तासांचा दिवस मिळाला, तासाला ९५ सेंट मजुरी मिळाली. पण कामगारांनी सर्वांत मोठी मानलेली कमाई होती ती हायरिंग हॉलची. मालक आणि संघटना मिळून चालवणार असलेल्या या हॉलमधून कामवाटप व्हायचे आणि वाटप करणारा डिस्पॅचर संघटनेने निवडलेला असायचा. ज्याचे आतापर्यंतचे तास सर्वांत कमी भरले असतील त्याला आधी काम, असा साधा नियम रुळला. फोरमनची मर्जी या व्यवहारातून बाहेर पडली.

हॉलच्या आधाराने पुढच्या दोन दशकांत कामाच्या नियमांचे एक जाळे उभे राहिले. विंचने एका खेपेस उचलायच्या मालाचे वजन २,१०० पौंडांवर, म्हणजे सुमारे साडेनऊशे किलोंवर, बांधून टाकले गेले. ट्रकचालकांनी पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, रचून आणलेला माल तसाच उचलून जहाजात न्यायला बंदी होती. तो आधी धक्क्याच्या फरशीवर उतरवायचा आणि मग गोदी कामगारांनी तोच माल पुन्हा पॅलेटवर रचायचा. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, आठ जण नेमलेले असले तरी प्रत्यक्षात चौघे काम करीत आणि चौघे विश्रांती घेत, अशी वहिवाट अनेक ठिकाणी पडली होती.

हे नियम म्हणजे फुकटचा पगार, असे मालक म्हणत. पॅलेटच्या दुहेरी हाताळणीपुरते ते खरे होते आणि संघटनेचे नेतेही खासगीत ते नाकारत नसावेत. परंतु वजनाच्या मर्यादेमागे वेगळा अनुभव होता. तोंडापर्यंत भरलेल्या होल्डमध्ये, डोक्यावरून झुलत येणाऱ्या झोळीखाली, ओल्या पोत्यांच्या थरांवर उभे राहून काम करणाऱ्याला खेप किती जड आहे आणि ती किती वेगाने येते हे कोणाच्या हातात असावे, याविषयी ठाम मत असणे स्वाभाविक आहे. शिवाय काम मर्यादित आणि माणसे जास्त या मंदीच्या काळातल्या हिशोबात, काम लांबवणे म्हणजे ते वाटून घेणे असाच अर्थ होता. एकाच नियमात सुरक्षितता, वाटणी आणि थोडी चैन मिसळलेली होती. पुढे वाटाघाटींत ही तिन्ही अंगे एकाच किमतीला विकली गेली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कंटेनरचे आगमन

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, कंटेनर वाहतुकीची सुरुवात म्हणून ही तारीख सर्वांना ठाऊक आहे. सुटा माल चढवण्याचा टनामागचा खर्च पावणेसहा डॉलरांच्या वर होता, तो या जहाजावर १६ सेंटांच्या आसपास आला. पश्चिम किनाऱ्यावर हे काम मॅटसन या जहाज कंपनीने केले. ऑगस्ट १९५८ च्या अखेरीस तिचे ‘हवाईयन मर्चंट’ हे जहाज डेकवर २० कंटेनर घेऊन होनोलुलूला निघाले आणि जानेवारी १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या अलामेडा येथे खास कंटेनरसाठी बांधलेली क्रेन सुरू झाली. त्या क्रेनच्या प्रत्येक फेरीत २४ फुटांची एक भरलेली पेटी धक्क्यावरून जहाजावर जाई, आणि त्या पेटीतले एकही खोके धक्क्यावर कोणी हातात घेत नसे.

सर्वसाधारण मालवाहू जहाजाचे काम एरवी दिवसेंदिवस चाले. जाळीत पोती, पेट्या, गाठी भरायच्या, विंचवाला खेप वर घेणार, होल्डमधले लोक ती पकडून जागेवर लावणार, जहाज डोलले तरी ढीग सरकू नये म्हणून फटींत लाकूड ठोकणार. कुठल्या बंदराचा माल आधी उतरायचा आहे हे लक्षात ठेवून रचना करायची, हे कसब वर्षानुवर्षांच्या कामातून येई. कंटेनरने हे कसब धक्क्यावरून उचलून दूरच्या एखाद्या गोदामात नेऊन ठेवले, जिथे ते काम कमी मजुरीवर, दुसऱ्या संघटनेच्या किंवा कुठल्याच संघटनेत नसलेल्या माणसांकडून होऊ शकत होते.

१९५७ चा प्रश्न आणि १९६० चा करार

संघटनेचे अध्यक्ष हॅरी ब्रिजेस हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, १९३४ च्या संपातून पुढे आलेले आणि डाव्या विचारांमुळे वर्षानुवर्षे हद्दपारीच्या खटल्यांना तोंड दिलेले. अशा नेत्याने यंत्राला अडवायचे की त्याची किंमत वसूल करायची हा प्रश्न स्वतःहून सभासदांपुढे ठेवावा, हे त्या काळी अनेकांना विचित्र वाटले. १९५७ मध्ये प्रतिनिधींच्या सभेपुढे आलेल्या अहवालाचा आशय असा होता की प्रत्येक जहाजावर, प्रत्येक नियमासाठी सुटी झुंज देऊन संघटना हळूहळू हरत आहे. लवादाचे निकाल एकेक करून विरोधात जात आहेत. आज हातात असलेले नियम उद्या फुकट जाण्यापेक्षा आजच विकावेत.

सभासदांनी ही मांडणी चर्चेनंतर स्वीकारली, पण घाई केली नाही. प्रतिनिधींच्या सभा, स्थानिक शाखांतल्या बैठका आणि मालकांच्या पॅसिफिक मेरिटाइम असोसिएशनशी बोलणी यांत तीन वर्षे गेली. १९५९ मध्ये तात्पुरता करार झाला, त्यात मालकांनी १५ लाख डॉलरांचा निधी बाजूला काढला. यंत्रामुळे वाचलेल्या प्रत्येक तासाचे मोजमाप करून कामगारांचा वाटा ठरवावा, ही कल्पना आकर्षक होती, पण माल, जहाज आणि बंदर बदलले की हिशोब बदलत असल्याने ती व्यवहारात गुंतागुंतीची ठरली. शेवटी ठोक रकमेवर तडजोड झाली.

१८ ऑक्टोबर १९६० रोजी यांत्रिकीकरण आणि आधुनिकीकरण करारावर सह्या झाल्या. मालकांनी दरवर्षी ५० लाख डॉलर द्यायचे, आधीचा निधी धरून साडेपाच वर्षांत एकूण २ कोटी ९० लाख. त्यातून ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या, २५ वर्षे सेवा झालेल्या कामगाराला ७,९२० डॉलर मिळणार होते. यंत्रामुळे काम घटले तर ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे संघटनेचे पूर्ण सभासद असलेल्या, नोंदणीकृत कामगारांना आठवड्याला ३५ तासांच्या मजुरीची हमी होती आणि त्यांच्यापैकी कोणालाही यंत्रामुळे काढून टाकता येणार नव्हते. बदल्यात वजनाची मर्यादा, दुहेरी हाताळणी आणि जास्तीची माणसे हे सारे गेले. काम असुरक्षित किंवा असह्य होता कामा नये, एवढी राखणदार अट उरली.

कोण बाजूने, कोण विरोधात

सभासदांच्या मतदानात सुमारे दोनतृतीयांश मते बाजूने पडली. हा आकडा एकमुखी होकारासारखा वाचला जातो. तसा तो नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाखेने भक्कम पाठिंबा दिला, तर लॉस एंजेलिसच्या शाखेत बहुमत विरोधात गेले. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच, नेता तोच, कराराचा कागद तोच. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाखेत १९३४ पाहिलेले, पन्नाशी-साठीतले सभासद मोठ्या संख्येने होते आणि त्यांना निवृत्तीची रक्कम डोळ्यांसमोर दिसत होती. लॉस एंजेलिसमध्ये माल वाढत होता. तिथल्या सभासदांपुढे कामाची अजून बरीच वर्षे होती, त्यामुळे ज्याचा लाभ पंचवीस वर्षांनी मिळायचा अशा मोबदल्यासाठी आजचे नियम सोडण्यात त्यांना तितका फायदा दिसत नसावा. वयाचा हा फरक मला दृष्टिकोनाच्या कुठल्याही मानसशास्त्रीय मोजमापापेक्षा अधिक बोलका वाटतो.

ज्यांना फारसे काही मिळाले नाही असा एक तिसरा गटही होता. कामाच्या गर्दीच्या दिवसांत हात कमी पडू नयेत म्हणून ‘ब’ वर्गाची यादी केली गेली होती. या कामगारांना ‘अ’ वर्गाचे वाटप झाल्यावर उरलेले काम मिळे, म्हणजे बहुधा होल्डमधले सर्वांत कष्टाचे. त्यांना संघटनेचे पूर्ण सभासदत्व नव्हते आणि मताचा अधिकार नव्हता. कराराची हमी त्यांना लागू नव्हती. उलट काम घटले तर धक्का पचवण्याची उशी म्हणून तेच होते. १९६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘ब’ वर्गातल्या ८२ जणांची नोंदणी नियमभंगाच्या कारणावरून एकदम रद्द करण्यात आली आणि त्यावरची न्यायालयीन लढाई पुढे कित्येक वर्षे चालली. १९३४ मध्ये फोरमनच्या बोटाविरुद्ध उठलेल्या संघटनेत तीन दशकांनी अशी दुसऱ्या दर्जाची रांग तयार व्हावी, ही या प्रकरणातली सर्वांत अप्रिय बाजू आहे आणि कराराचे कौतुक करणाऱ्या लिखाणात तिला सहसा दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही.

म्हणून ‘कामगारांनी तंत्रज्ञान स्वीकारले’ या विधानात ‘कामगार’ म्हणजे नेमके कोण, हे आधी विचारले पाहिजे. ज्यांनी स्वीकारले त्यांच्याकडे हमी होती. जे किंमत मोजणार होते त्यांच्याकडे मतपत्रिका नव्हती.

आधी घाम, मग यंत्र

कराराच्या पहिल्या काही वर्षांत मालकांचा जो खर्च वाचला त्याचा मोठा भाग कंटेनरमुळे वाचलेला नव्हता. नियम उठले, तेव्हा त्याच विंचने, त्याच होल्डमध्ये, कमी माणसांकडून जड खेपा उचलून घेता आल्या आणि यंत्रावर खर्च न करताही उत्पादकता वाढली. जे काम क्रेनने किंवा फोर्कलिफ्टने व्हायला हवे होते ते माणसाच्या पाठीवर आले. या काळात संघटनेची तक्रार काय होती, तर मालक पुरेशी यंत्रे आणत नाहीत, ही. यंत्र आणा, अशी मागणी ब्रिजेस यांनी उघडपणे केली, कारण करार यंत्रासाठी होता आणि प्रत्यक्षात मिळत होती ती वेठबिगारी, अशी धक्क्यावरची भावना होती. यंत्राला घाबरणारा कामगार ही प्रतिमा इथे पूर्णपणे उलटी होते, आणि केवळ या एका तपशिलासाठीही हे प्रकरण व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवले जायला हवे.

मजुरीच्या हमीचा निधी मात्र वापरावाच लागला नाही. व्यापार वाढत होता, व्हिएतनाम युद्धाची सामग्री याच बंदरांतून जात होती आणि माणसांना काम पुरेसे होते. १९६६ मध्ये करार संपला तेव्हा त्या निधीतली सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरांची रक्कम ‘अ’ वर्गाच्या सभासदांत वाटून टाकण्यात आली, प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,२०० डॉलर आले. कामाच्या हमीचे पैसे हातात रोख घेणे सुखाचे होते, पण पुढच्या पाच वर्षांच्या करारातून ती हमीच वगळण्यात आली. त्या करारात ३ कोटी ४५ लाख डॉलर होते आणि २५ वर्षे सेवा केलेल्याला ६२ व्या वर्षी निवृत्त झाल्यास १३,००० डॉलर होते. ज्यांना जायचे होते त्यांच्यासाठी तो चांगला करार होता.

कलम ९.४३

जे राहणार होते त्यांच्यासाठी १९६६ च्या करारात एक छोटे कलम होते. त्याला कामगार आजही क्रमांकाने ओळखतात: ९.४३. क्रेन आणि इतर यांत्रिक सामग्री चालवणारे कुशल कामगार मालकाने कायम तत्त्वावर आपल्याकडे ठेवावेत, त्यांनी रोज हॉलमध्ये येण्याची गरज नाही, अशी मुभा त्यात होती. मालकांचा युक्तिवाद असमंजस नव्हता. लाखो डॉलरांची क्रेन रोज नव्या माणसाच्या हाती द्यायची, हे त्यांना पटत नव्हते. रोजच्या सवयीने येणारी सफाई आणि यंत्राची काळजी त्यांना हवी होती.

हॉलमधून मात्र हेच कलम वेगळे दिसले. जहाजावरचे काम कंटेनरमुळे आटत चालले होते आणि उरलेल्यांतली चांगली कामे, म्हणजे क्रेनच्या केबिनमधली, फिरत्या पाळीतून निघून ठरावीक माणसांकडे कायमची जात होती. ही माणसे संघटनेचीच होती, पण त्यांचा पगार, त्यांची बढती आणि त्यांची निष्ठा आता एका कंपनीशी बांधलेली होती. तासांच्या समान वाटणीचा नियम त्यांना लागू होत नव्हता. तीस वर्षांपूर्वी हद्दपार केलेली मालकाची निवड मागच्या दाराने परत आली, असे हॉलमधल्या सभासदाला वाटले तर ती समजूत चुकीची म्हणता येणार नाही. याच वेळी कंटेनर भरण्याचे आणि रिकामे करण्याचे काम धक्क्यापासून दूरच्या गोदामांत, इतरांच्या हाती जात होते.

१ जुलै १९७१ रोजी संप सुरू झाला, १९४८ नंतरचा किनाऱ्यावरचा पहिला मोठा संप. तडजोडीला अनुकूल असलेल्या ब्रिजेस यांना तो मनापासून नको होता, रेटा खालून होता. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टाफ्ट-हार्टली या कामगार कायद्याखाली तो न्यायालयामार्फत काही काळापुरता थांबवला. मधल्या काळात मालकांचा अंतिम प्रस्ताव सभासदांनी प्रचंड बहुमताने फेटाळला आणि जानेवारी १९७२ मध्ये संप पुन्हा सुरू होऊन फेब्रुवारीत मिटला. नव्या करारात ‘अ’ वर्गाला आठवड्याला ३६ तासांच्या आणि ‘ब’ वर्गाला १८ तासांच्या मजुरीची हमी आली, तसेच इतरांनी भरलेल्या वा रिकाम्या केलेल्या कंटेनरमधील मालावर टनामागे १ डॉलरचा आकार लागला. कायम क्रेनचालकांचे कलम मात्र गेले नाही. त्यावरची धुसफुस पुढची कित्येक वर्षे लवादापुढे येत राहिली.

इतर किनारे

हा निष्कर्ष फक्त एका संघटनेच्या स्वभावाचा आहे की काय, हे तपासायला इतर बंदरे उपयोगी पडतात. न्यूयॉर्कमध्ये दुसरी संघटना होती आणि तिने सुरुवातीला काही कंपन्यांचे कंटेनर हाताळायलाच नकार दिला. तिथे वाद पेटला तो मुख्यतः एका गँगमध्ये, म्हणजे जहाजावर एकत्र काम करणाऱ्या तुकडीत, २० माणसे असावीत की कमी, यावर. १९६० च्या दशकाच्या मध्यास ही संख्या टप्प्याटप्प्याने १७ वर आणण्याचे ठरले आणि मोबदल्यात नियमित कामगारांना वर्षाला १,६०० तासांच्या मजुरीची हमी मिळाली. लंडनजवळच्या टिलबरीत नवे कंटेनर धक्के तयार असताना कामगार संघटनेने १९६८ पासून दोन वर्षे बहुतेक कंटेनर वाहतुकीवर बहिष्कार टाकला. तोपर्यंत जहाजे फेलिक्सस्टोसारख्या, जुन्या गोदी नियमांच्या बाहेर असलेल्या बंदराकडे वळली होती. बहिष्कार उठला तेव्हा सौद्यातली कामगारांची बाजू आधीपेक्षा कमजोर झाली होती.

पश्चिम किनाऱ्यावर मालकांना असा पळ काढता आला नसता, कारण सिॲटलपासून सॅन दिएगोपर्यंत एकच संघटना, एकच करार आणि समोर मालकांचीही एकच संस्था होती. तिथला समजूतदारपणा ज्या बळावर उभा होता ते हे. त्याचे श्रेय केवळ नेत्याच्या दूरदृष्टीला देणे म्हणजे अर्धे प्रकरण सांगणे होय. वाढता व्यापार हा दुसरा टेकू होता. तो नसता तर १९६१-६२ मध्येच हमीच्या निधीची परीक्षा झाली असती आणि कदाचित ९.४३ सारखे कलम पुढे रेटण्याइतका आत्मविश्वास दोन्ही बाजूंना आला नसता.

२००२ मध्ये याच किनाऱ्यावर याच दोन संस्थांमध्ये मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लार्कांच्या कामावरून वाद पेटला आणि मालकांनी बंदरे दहा दिवस टाळेबंद ठेवली. स्कॅनर आणि संगणकीय नोंदी येऊ द्यायला संघटनेची तत्त्वतः हरकत नव्हती. भांडण होते ते त्या पडद्यांसमोर बसणारी माणसे संघटनेच्या यादीतली असावीत की कंपनीने बाहेरून नेमलेली, यावर. तोडग्यात तंत्रज्ञान आले, त्या वेळी कामावर असलेल्या क्लार्कांच्या नोकऱ्यांना संरक्षण मिळाले आणि २००८ च्या करारात संघटनेने पूर्ण स्वयंचलित टर्मिनल उभारण्याचा मालकांचा हक्क मान्य केला. आता क्रेनची केबिनच रिकामी होऊ लागली आहे आणि दूरच्या खोलीतून एकच माणूस अनेक यंत्रांवर लक्ष ठेवू शकतो. त्या खोलीतली खुर्ची हॉलमधून भरायची की कंपनीच्या कार्यालयातून, हे प्रत्येक नव्या कराराच्या वेळी पुन्हा टेबलावर येते.